नारकरांचा अठ्ठाविसावा दिवस

परवा दुपारी डबा खाताना ऑफिसातल्या कुलकर्णीने विचारलं, "पाटणकर, घरी केलेली बियर पहिल्या खेपेला कितपत जमते हो? नेटवर वाचतोय. विकतच्या कॅनच्या टेस्टच्या जवळपास तरी जाते का?"

मी पोळीचा तुकडा मोडता मोडता बोलून गेलो, "पास होते. मिरवण्यासारखी होत नाही."

बोललो आणि हात थांबला. वाक्य माझं नव्हतंच. ते नारकरांचं होतं, आणि नारकरांचं वाक्य माझ्या तोंडून निघालं की मला चोरी केल्यासारखं वाटतं. त्याला कारणही आहे, ते पुढे येईलच. खिडकीबाहेर दुबई मरीनाचे अर्धवट टॉवर डोक्यावर क्रेन घेऊन उभे होते. यांच्या काँक्रीटचे आकडे कोणी लिहिले असतील आणि खरे लिहिले असतील का, असा प्रश्न मला हल्ली कुठल्याही इमारतीकडे बघून पडतो. दमायला होतं त्यानं. या शहरात इमारतींशिवाय दुसरं बघायला आहे काय?

नव्वदीच्या दशकात मी दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैन अमिरातीच्या इंडस्ट्रियल एरियात एका रेडीमिक्स काँक्रीटच्या प्लांटवर टायपिस्ट होतो. नारकर तिथले लॅब टेक्निशियन. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, कणकवलीकडचे, ठेंगणे. कानावर पिवळा खडू, खिशात दोन पेनं, सिमेंटने तळहात भेगाळलेले. लॅबमध्ये खुर्ची होती, पण ते नेहमी उपड्या बादलीवर बसायचे. खुर्चीत बसलं की झोप लागते, म्हणायचे. झोप लागण्याइतके ते सदैव दमलेले होते हे मात्र खरं. सकाळी सहाला भेटले तरी माणूस नुकताच कुठूनतरी चालत आलाय असं वाटायचं.

त्यांचं काम समजायला सोपं, करायला कंटाळवाणं. साइटवर काँक्रीट गेलं की त्यातलं थोडं लोखंडी साच्यात भरून ठोकळे करायचे. त्यांना क्यूब म्हणतात. दुसऱ्या दिवशी ते साच्यातून काढायचे, पिवळ्या खडूने नंबर घालायचे आणि लॅबमधल्या थंड पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे. सातव्या दिवशी एक काढून मशीनखाली फोडायचा, म्हणजे अंदाज येतो. अठ्ठाविसाव्या दिवशी बाकीचे फोडायचे, तो निकाल. किती भार घेऊन ठोकळा फुटला तो आकडा रिपोर्टात जातो. रिपोर्ट टाइप करायचो मी, खाली सही नारकरांची.

इतकी वर्षं हे केल्यावर माणसाच्या डोक्यात दुसरं कॅलेंडर राहत नाही. मेसमध्ये नवा कुक आला आणि कोणी विचारलं, "कसा वाटतो?" तर नारकर म्हणणार, "अठ्ठावीस दिवस होऊ देत." मी लग्न करून परत आलो तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले, पाठीवर थापा मारल्या. नारकरांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "किती दिवस राहिलास तिच्याबरोबर?"

"एकवीस."

"मग अजून काही सांगू नकोस," ते म्हणाले.

ती टाकी म्हणजे प्लांटवरची सर्वांत सुखी जागा होती. बाहेर पंचेचाळीस डिग्री, टाकीतलं पाणी विसाच्या आसपास. माणसांच्या खोल्यांचा एसी बंद पडला तर चार दिवस कोणी फिरकायचं नाही. टाकीचा चिलर बंद पडला तर तासाभरात मेकॅनिक हजर, कारण क्यूबना गरमी सहन होत नाही. नारकर हे सांगून हसायचे नाहीत, फक्त माझ्याकडे बघायचे.

याच टाकीच्या आतल्या टोकाला, प्लायवूडच्या झाकणाखाली, त्यांची बियर असायची.

मला ते कळलं ते रुजू झाल्यावर काही महिन्यांनी. एक हरवलेला क्यूब शोधताना झाकण उचललं, तर पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन गळ्यापर्यंत बुडवून ठेवलेला. त्याच्या तोंडातून एक बारीक नळी निघून शेजारच्या बाटलीतल्या पाण्यात गेलेली, आणि त्या पाण्यात एकेक बुडबुडा येत होता. कॅनवर पिवळ्या खडूने लिहिलं होतं, 'न-१९' आणि तारीख.

"झाकण लाव," मागून नारकर म्हणाले. "उजेड नको त्याला."

किराणा दुकानात बिनदारूचं माल्टचं पेय मिळायचं. ते, साखर आणि पाव करायचं यीस्ट, एवढाच माल. सात दिवस कॅनमध्ये, मग सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत टाकीत. सातव्या दिवशी ते एक चमचा चाखायचे आणि एका जुन्या वहीत लिहायचे. वहीला क्यूबच्या रजिस्टरसारखेच रकाने होते: नंबर, तारीख, सात दिवस, अठ्ठावीस दिवस, शेरा. एकोणीस खेपांपैकी चौदांच्या शेऱ्यात 'फेल' होतं. आपल्याच हाताने आपल्याला चौदा वेळा नापास करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

त्यांनी कधी ती विकली नाही. कोणाला एका ग्लासाच्या वर दिली नाही. पकडले गेले असते तर आधी तुरुंग आणि मग मुंबईचं विमान, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी एकदा म्हटलं, "नारकर, एवढा जीव कशाला धोक्यात घालता? तिकडे समुद्राकडे तयार मिळते की."

"ती कोणीतरी पास करून पाठवलेली असते," ते म्हणाले. "मग माझ्याकडे काय काम उरतं?"

मलाही करून बघायची हौस आली. मी विचारलं, "पहिल्या खेपेला काय अपेक्षा धरायची?"

नारकरांनी बादली सरकवली आणि बोटांवर मोजत सांगितलं. "आंधळा होणार नाहीस, पोट बिघडणार नाही आणि आपल्या हातून काहीतरी झालं असं वाटेल. एवढी धर. गढूळ असेल. पावाचा वास येईल, कारण यीस्ट बेकरीचं आहे. तळाला गाळ बसेल, शेवटचे दोन घोट टाकून द्यायचे. गार प्यायलास तर बियर म्हणवेल, कोमट प्यायलास तर माझ्याकडे तक्रार आणू नको. पास होते. मिरवण्यासारखी होत नाही. पण दोन गोष्टी पाळायच्या. भांडी स्वच्छ, आणि घाई नाही."

मी भांडी स्वच्छ ठेवली. घाईचं मात्र जमलं नाही. चढावी म्हणून साखर दुप्पट घातली आणि टाकीत जागा मागायला लाज वाटली म्हणून कॅन खोलीच्या बाथरूममध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी एसी गेला. चौथ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, कॅनचं झाकण उडालं आणि फेस छतापर्यंत गेला. शेजारच्या खोलीतल्या केरळी माणसांना मी इडलीचं पीठ फसफसल्याचं सांगितलं. त्यांनी वास घेतला, एकमेकांकडे बघितलं आणि पिठाची चौकशी पुन्हा केली नाही.

उरलेलं भांडंभर मी नारकरांकडे नेलं. त्यांनी घोट तोंडात घोळवला, गिळला आणि वही काढून माझ्या नावाची ओळ आखली. 'पा-१. गोड, गरम, घाई. फेल.'

"अहो, पहिलीच आहे," मी म्हटलं.

"पहिली आहे म्हणून तर गिळली," नारकर म्हणाले.

या सगळ्याचा तिसरा साक्षीदार करीमभाई. राजापूरचे, मिक्सर ट्रकचे ड्रायव्हर, पाच वेळा नमाज पढणारे. दारूच्या थेंबाला त्यांनी कधी ओठ लावला नव्हता, पण नाक असं की विचारू नका. दुपारी पाण्याची बाटली गार करायला ते टाकीपाशी यायचे, झाकणाजवळ थबकायचे आणि म्हणायचे, "काय वो नारकर, ह्यो क्यूब आंबलाय वाटतं." नारकर लगेच उठून चाखायचे आणि करीमभाईंचं बरोबर निघायचं. जाताना ते दर वेळी बजावायचे, "मी काय बघितलेलं नाय हां." त्यांनी खरंच झाकण कधी उचललं नाही.

पुढे इमारतीच्या मालकातर्फे क्यूब आणि रिपोर्ट तपासायला येणाऱ्या कन्सल्टंटच्या एका म्हाताऱ्या इंग्रज इन्स्पेक्टरलाही तो वास आला असावा. सुट्टीवरून परत आल्यावर त्याने खिशातून एक छोटं पाकीट काढून नारकरांच्या मशीनवर ठेवलं. "फॉर युवर क्यूब्स," म्हणाला आणि क्यूब मोजायला लागला. पाकिटात बियरचं यीस्ट होतं. बेकरीचं नव्हे, खास बियरचं.

नारकरांनी ते पाकीट आठवडाभर नुसतंच जवळ बाळगलं. मग 'न-४१' लावली. ऑगस्ट महिना होता. सातव्या दिवशी बाटल्या भरताना मी होतो. चमचा तोंडात असतानाच त्यांनी वही ओढली. वहीत त्यांनी लिहिलं, 'पावाचा वास नाही.' त्या तीन शब्दांखाली त्यांनी रेघ मारली. त्यांना कशाखाली रेघ मारताना मी पहिल्यांदा पाहिलं. अठरा बाटल्या टाकीत उतरवल्या आणि ते म्हणाले, "पाटणकर, ही बहुतेक होणार. मी घरी जाण्याआधी एक तरी अशी व्हावी, की शेऱ्यात काय लिहायचं याचा विचार पडू नये."

घरी जायला त्यांना एकच वर्ष हवं होतं. मुलगी, सुजाता, कोल्हापुरात फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. ती पास झाली की हे सुटले.

त्याच संध्याकाळी ते मशीन पुसत असताना मी टाकीतून एक बाटली काढली आणि शर्टाखाली घालून खोलीवर नेली. अजून एकवीस दिवस थांबवेना, एवढंच. फ्रीजमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. मग प्यायची हिंमत होईना आणि परत ठेवायचीही होईना. अठराच्या सतरा झालेल्या त्यांच्या लक्षात आलं नसावं, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

त्याच महिन्यात प्लांटचं बर्फाचं मशीन बिघडलं होतं. उन्हात काँक्रीट लवकर घट्ट होतं म्हणून साइटवर ट्रकमध्ये सर्रास पाणी मारत होते. पाणी मारलं की काँक्रीट सहज ओतता येतं आणि कमजोर होतं. एका चार मजली इमारतीच्या तळमजल्याच्या कॉलमचे क्यूब अठ्ठावीस दिवसांनी फुटले तेव्हा चाळीसऐवजी तेहतीस आले. दोन फोडले, दोन्ही तेहतीसच्या आसपास. एक शिल्लक होता.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. "बयालीस टाइप करो," तो म्हणाला.

मी उभाच राहिलो, तसा तो म्हणाला, "साइन नारकर का है. तुम्हारा क्या जाता है?"

मी टाइप केलं. नवीन लग्न होतं, व्हिसा रिन्यू व्हायचा होता, ही कारणं मला नंतर सुचली. त्या वेळी मी काहीच विचार केला नाही. दोन मिनिटांचं काम होतं, एकही चूक न करता केलं.

कागद घेऊन मी लॅबमध्ये गेलो. नारकरांनी तो लांब धरून वाचला. "टायपिंग स्वच्छ झालंय," एवढंच म्हणाले आणि बाजूला ठेवला.

थोड्या वेळाने मॅनेजर स्वतः आला. नारकरांनी त्याला तेहतीस सांगितलं. तो ऐकून न ऐकल्यासारखा टाकीपाशी गेला, प्लायवूडचं झाकण उचललं आणि एक बाटली उजेडात धरली. त्याला कधीपासून माहीत होतं कोण जाणे.

"नारकर, ये कौनसा ग्रेड है?"

नारकरांनी हातातला खडू कानावर ठेवला.

"देखो, मैं शुर्ता को फोन नहीं करना चाहता. तुम रिपोर्ट साइन करो, मैं ये भूल जाता हूँ. कल सुबह मेरे टेबल पर. यल्ला." बाटली जागेवर ठेवून तो गेला. शुर्ता म्हणजे पोलीस आणि यल्ला म्हणजे चला, हे तिथे आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात कळतं.

नारकर बादलीवर बसले. मी म्हटलं, "नारकर, करून टाका सही. सुजाताचं वर्ष आहे. आणि एवढ्याने काही इमारत पडत नाही."

"पडत नाही रे," ते म्हणाले. "म्हणूनच तर सगळे करतात."

मग ते भेगाळलेल्या तळहाताला खोबरेल चोळत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "आज ह्या न-४१चा कितवा?"

"विसावा."

"आठ राहिले," ते म्हणाले आणि उठले.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत प्लांटवर कोणी उन्हात फिरत नाही. ट्रकचे ड्रम धुतात तिथे एक मोठा खड्डा होता, सिमेंटच्या राखाडी पाण्याने भरलेला. नारकरांनी सतरा बाटल्या दोन बादल्यांतून तिथे आणल्या. करीमभाईंना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी आपला ट्रक वळवून ऑफिस आणि खड्डा यांच्यामध्ये आडवा उभा केला आणि पाठ करून नळावर हातपाय धूत राहिले.

नारकर एकेक झाकण उघडून बाटली उपडी करत होते. मला आजही तो रंग आठवतो. गढूळपणा नावाला नव्हता. फेस पांढरा, दाट, राखाडी पाण्यावर थोडा वेळ टिकत होता.

"एक तरी चाखून बघा," मी म्हटलं.

"विसाव्या दिवसाचं काही खरं नसतं," ते म्हणाले आणि पुढची उघडली.

सतरा झाल्यावर त्यांनी बाटल्या चिरडून कचऱ्यात टाकल्या, टाकीचं ते टोक घासून काढलं आणि रिकाम्या जागी क्यूब रचले. मग शिल्लक राहिलेला तिसरा क्यूब मशीनमध्ये ठेवला. "तू वाच," मला म्हणाले. ठोकळा फुटला, काटा थांबला, मी वाचलं, "तेहतीस." त्यांनी कोरा फॉर्म घेऊन स्वतःच्या हाताने तीन आकडे लिहिले आणि सही केली. माझा टाइप केलेला कागद घडी घालून मला परत दिला. फाडला असता तर बरं वाटलं असतं.

सकाळी मॅनेजर लॅबमध्ये आला आणि त्याने आधी झाकण उचललं. खाली ओळीने क्यूब होते. नारकर म्हणाले, "सर, तैंतीस आया. रिपोर्ट कन्सल्टंट को गया. करीमभाई के पहले ट्रिप में."

मॅनेजरचा चेहरा लाल झाला. "खलास," तो म्हणाला. "तुम्हारा यहाँ खलास."

ते कॉलम फोडले गेले. आठवडाभर ब्रेकर चालू होते. मी दोनदा बसने जाऊन लांबून बघून आलो. तिथे नंतर इमारत उभी राहिली, माणसं राहायला आली, बाल्कनीत कपडे वाळत घातले गेले. त्यांना यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही.

नारकरांचा व्हिसा कॅन्सल झाला. पोलीस आले नाहीत, कारण दाखवायला काही उरलं नव्हतं. सुजाताच्या वर्षाचं काय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांनीच एकदा सांगितलं की बायकोने घराच्या मागची कलमं विकायचं ठरवलंय. "हापूस होते," म्हणाले.

जायच्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. बॅग बांधून झाली होती, ते कॉटवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. मी वर्तमानपत्राची गुंडाळी त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी कागद सोडला, बाटलीवरचा पिवळा नंबर वाचला. न-४१.

"तरी म्हटलं, सतरा कशा भरल्या," ते म्हणाले.

"नारकर, मी..."

"कधी काढलीस?"

"सातव्या दिवशी. फ्रीजमध्ये होती."

त्यांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली, दाबून पाहिली. मग स्टीलचे दोन पेले काढले, मापात ओतली. एक मला दिला. फेस आला नाही. पहिला घोट त्यांनी तोंडात घोळवला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आयुष्यात एकदा तरी या माणसाने खोटं बोलावं, असं मला त्या क्षणी फार वाटलं.

"फेल," नारकर म्हणाले. "फ्रीजमध्ये यीस्ट झोपतं. गॅस धरला नाही, साखर तशीच राहिली."

त्यांनी बॅगेची चेन उघडून वही काढली. न-४१च्या ओळीत अठ्ठाविसाव्या दिवसाचा रकाना रिकामा होता, तो त्यांनी रिकामाच ठेवला. शेऱ्यात लिहिलं, 'घाई. फेल.' खाली सही केली. मग त्या सहीच्या शेजारी 'साक्षीदार' असं लिहून वही माझ्याकडे वळवली आणि पेन दिलं.

मी सही केली.

"आता बरोबर झालं," ते म्हणाले. मग भिंतीला टेकून त्यांनी आपला पेला संपवला. माझ्याच्याने पिववेना, तो पेलाही त्यांनी घेतला आणि सावकाश, एकेक घोट, शेवटच्या दोन घोटांचा गाळदेखील न टाकता संपवला. खाली करीमभाई हॉर्न वाजवत होते.